रस्ता, तेल आणि घराणे



अशा व्याख्यानमालेत एखाद्या संताचे चरित्र, स्वातंत्र्यलढ्याचे एखादे पर्व किंवा साहित्यातील एखादा वाद घ्यावा, असा आपल्याकडील शिरस्ता आहे, आणि त्या शिरस्त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही आज मी आपल्यापुढे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका लहानशा पेट्रोल पंपाचा, आणि तो दोन पिढ्या चालविणाऱ्या एका कुटुंबाचा इतिहास मांडणार आहे. कारण गेल्या शंभर वर्षांत सामान्य माणसाच्या जीवनात जे स्थित्यंतर घडले, ते समजून घ्यावयाचे असेल तर राजेरजवाड्यांच्या दप्तरांइतकाच पंपावरच्या रोजनाम्याचाही शोध घेतला पाहिजे, अशी माझी दृढ समजूत आहे. रस्ता बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. त्या रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोसून आयुष्यभर वाटसरूंची सोय पाहणाऱ्याचे नाव कोठे असते?

हा प्रश्न मी बपेऱ्यात विचारतो आहे, यालाही कारण आहे. आपले गाव रस्त्याचे गाव आहे. तुमसरहून सिहोऱ्यावरून आलेला मार्ग येथून पुढे बावनथडी ओलांडतो आणि मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात शिरतो. या मार्गाच्या आसपास धान पिकते, तेंदूपाने गोळा होतात, आणि याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. धान, पाने आणि दगड या तिन्ही गोष्टी आपल्या पायांनी चालत बाजारात जात नाहीत. त्यांना पूर्वी बैल लागत, आज इंधन लागते. म्हणून आज तीन प्रश्न क्रमाने हाताळावेत असा माझा विचार आहे. रस्ता कोणाचा? तेल कोणाचे? आणि रस्ताही आपला नाही, तेलही आपले नाही, असे असता मधोमध उभ्या राहणाऱ्या त्या कुटुंबाचे स्वतःचे असे काय असते?

आरंभी थोडे मूळ पाहू. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बर्था बेंझ या धाडसी स्त्रीने आपल्या पतीने बनविलेली मोटारगाडी, त्याला न कळविता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत नेली. वाटेत इंधन संपले तेव्हा ते तिला मिळाले विसलोख गावच्या औषधांच्या दुकानात. कारण त्या काळी तसले द्रव कपड्यांचे डाग काढण्यासाठी औषधविक्रेते ठेवीत असत. पुढे अमेरिकेत किराणा दुकानदार, लोहार, घोड्यांच्या पागांचे चालक, जो तो आपल्या दारात पेट्रोलचे पीप ठेवू लागला. केवळ इंधन विकण्यासाठी बांधलेली आणि गाडी थेट आत नेता येईल अशी स्वतंत्र जागा पिट्सबर्ग शहरात १९१३ मध्ये सुरू झाली, तोपर्यंत मोटार हे वाहन रस्त्यांवर चांगलेच रुळले होते.

आपल्याकडची वाट याहून निराळी. आपल्या खेड्यांनी पेट्रोलच्या आधी रॉकेल पाहिले, आणि ते पाहिले चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यातून. हे डबे आगगाडीने, बैलगाडीने, कोकणात गलबतांतून गावोगाव जात, आणि तेल संपल्यावर डब्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. त्याच्या तोंडाला लाकडाचा दांडा ठोकून पाणी वाहण्याची बादली होई, झाकण बसवून धान्याची कोठी होई, कापून सरळ केला की छपराचे भोक बुजविण्याचा पत्रा होई. मोटार आली तेव्हा पेट्रोलही प्रथम असेच डब्यांतून आले. बर्मा ऑइल आणि एशियाटिक पेट्रोलियम या कंपन्यांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन बर्मा-शेल कंपनी काढली, आणि त्यानंतरच्या दशकात मुख्य रस्त्यापासून थोडे आत, गाड्यांना वळायला जागा ठेवून बांधलेले पंप आपल्या देशात दिसू लागले. भंडारा जिल्ह्यातून जाणारा नागपूर-रायपूर रस्ता, ज्याला इंग्रजी अमदानीत ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत आणि जो पुढे मुंबई-कलकत्ता राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला, तो या नव्या वाहतुकीचा आपल्या भागातील राजमार्ग होता.

आता मी आपल्याला फार दूर नेणार आहे, कारण ज्या कुटुंबाचा इतिहास मला सांगावयाचा आहे, आणि ज्याच्या उदयापासून अस्तापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या आज नोंदलेल्या आहेत, ते कुटुंब अमेरिकेतील इलिनॉय राज्यात माउंट ऑलिव्ह नावाच्या लहान गावी राहत होते. गाव खाणींचे. येथल्या जमिनीखाली मँगनीज आहे, तेथे कोळसा होता. तेथल्या खाणकामगारांनी आपल्या हक्कांसाठी रक्त सांडले. त्या लढ्यात बळी पडलेल्यांसाठी युनियनने स्वतंत्र दफनभूमी राखली, आणि मदर जोन्स या नावाने सर्व अमेरिकेला ठाऊक असलेल्या वृद्ध कामगार-पुढारी स्त्रीने मरणोत्तर आपल्यालाही याच माणसांजवळ जागा मिळावी अशी इच्छा व्यक्त केली होती. १९३० मध्ये ती पूर्ण झाली. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळ कशी असते, हे मी या तालुक्यातील श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

या गावात हेन्री सोल्स्बी नावाचा एक खाणकामगार होता. त्याचा बापही खाणीतच राबला होता. १९२०-३० च्या दशकाच्या मध्यास हेन्रीला खाणीत इजा झाली आणि भूगर्भातले काम त्याला कायमचे सोडावे लागले. ज्याच्या अंगी दुसरा हुन्नर नाही, ज्याच्या घरी शेती नाही, अशा माणसाने काय करावे? त्याने ऐकले होते की, आपल्या गावातून एक मोठा राष्ट्रीय मार्ग जाणार आहे. जन्मभर साठवलेल्या पैशांतील बहुतेक रक्कम घालून त्याने त्या संभाव्य मार्गाच्या कोपऱ्यावरचे दोन भूखंड विकत घेतले, आणि उरलेल्या पैशांत, आपल्या तरुण मुलाच्या, रसेलच्या मदतीने, १९२६ मध्ये तेथे पेट्रोल पंप उभा केला. शेल कंपनीचे तेल तो विकू लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शिकागोपासून पॅसिफिक किनाऱ्याकडे सुमारे ३,९०० किलोमीटर जाणाऱ्या मार्गाला ६६ हा क्रमांक मिळाला आणि पुढे तो मार्ग हेन्रीच्या दारावरून गेला. जमिनीखालच्या अंधारात ज्याचे तारुण्य गेले, त्या माणसाने उरलेले आयुष्य उघड्या रस्त्याच्या भरवशावर लावले, ही घटना मला फार मोठी वाटते.

त्या काळचा पंप कसा असे, ते जरा जवळून पाहू. लोखंडाचा उंच खांब, त्याच्या माथ्यावर काचेचे मोठे नळकांडे, आणि काचेच्या आत गॅलनागणिक खुणा. विक्रेता खांबाच्या बाजूचा दांडा मागेपुढे ओढी, तसतसे जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वर चढे. हव्या त्या खुणेपर्यंत आले की दांडा थांबे, आणि मग रबरी नळीतून ते आपल्याच भाराने खाली गाडीच्या टाकीत उतरे. आपल्या देशातही हाताने चालणारे असे पंप होते, आणि काहींच्या माथ्यावर काचेची दोन पात्रे असत, म्हणजे एक रिकामे होत असता दुसरे भरले जाई. ही सारी रचना काचेची का केली? कारण पेट्रोल घेणाऱ्याला आपण घेतले ते दिसत नाही. धान्य घेणारा मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतो, कापड घेणारा पदर बोटांत चुरगाळून पाहतो, परंतु पेट्रोल एका बंद टाकीतून दुसऱ्या बंद टाकीत जाते. त्या दोन अंधारांच्या मध्ये काचेचे ते नळकांडे उभे होते, आणि त्याच्याशेजारी दांडा ओढणारा माणूस उभा होता. पुढे विजेचे पंप आले, आकडे फिरू लागले आणि काच गेली. माणूस राहिला. त्या माणसाविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

हेन्री निवृत्त झाल्यावर रसेल आणि त्याची बहीण ओला यांनी पंप चालविला. ओलाचे नाव मी आवर्जून घेतो. अशा धंद्यांच्या इतिहासात बाप येतो, मुलगा येतो, आणि हिशेबाच्या वह्या लिहिणारी, गिऱ्हाईक सांभाळणारी घरची स्त्री बहुधा गाळली जाते. ओला स्वतः पेट्रोल भरीत असे, गाडीचे झाकण उघडून ऑइल पाहत असे, आणि भावाच्या बरोबरीने तिने तो पंप अनेक दशके सांभाळला. जागा इतकी लहान होती की दुरुस्तीसाठी आत गाडी घेता येत नसे. म्हणून बाहेर दोन उतरते कट्टे बांधलेले होते, त्यांवर गाडी चढवायची आणि खाली शिरून काम करायचे. ऊन असो, हिम असो, दुरुस्ती उघड्यावरच.

महामंदी आली, कारखाने बंद पडले, तरी माणसे रस्त्यावरून जात राहिली. किंबहुना कामाच्या शोधात अधिकच जाऊ लागली, आणि पश्चिमेकडे स्थलांतर करणारी हजारो कुटुंबे याच ६६ क्रमांकाच्या मार्गाने गेली. मग युद्ध आले. अमेरिकेत पेट्रोलचे रेशनिंग झाले, सामान्य वाहनधारकाला आरंभी आठवड्याला चार गॅलन मिळत. आपल्याकडे १९४१ पासूनच पेट्रोलला कुपने लागली, आणि ज्यांना ती पुरत नसत त्यांच्या मोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या बसल्या. त्यांत कोळसा जाळून त्याच्या वायूवर बसगाड्या धापा टाकीत घाट चढू लागल्या. आपल्यापैकी वयोवृद्धांनी आपल्या वडिलांकडून या भट्ट्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील. रसेल सोल्स्बी युद्धात पॅसिफिक आघाडीवर संदेशवहनाच्या कामावर होता. तेथे जी विद्या तो शिकला ती घेऊन परतला आणि पंपाच्याच जागेत त्याने रेडिओ व दूरचित्रवाणीसंच दुरुस्त करण्याचे काम सुरू केले. पंपाच्या छपराचा उपयोग तो अँटेना तपासण्यासाठी करी.

ही जोड त्याने दिली म्हणून पंप तरला. कारण १९५० नंतरच्या काळात नवा चौपदरी महामार्ग आला आणि तो माउंट ऑलिव्हपासून सुमारे मैलभर दूर गेला. श्रोतेहो, ज्या रस्त्यासाठी बापाने जन्माची पुंजी घातली, तो रस्ता एका आराखड्यातील रेषेने मैलभर सरकला! कोणी दुष्टपणा केला नाही, कोणी फसवणूक केली नाही. सरकारने देशाच्या सोयीचा मार्ग आखला, आणि त्या सोयीच्या हिशेबात एका कुटुंबाचा कोपरा बसला नाही. १९९१ मध्ये तेथील पेट्रोलची विक्री थांबली, १९९३ मध्ये दरवाजे बंद झाले. मधल्या दोन वर्षांत बहीणभाऊ पेट्रोल नसतानाही पंप उघडून बसत, जुन्या मार्गाच्या ओढीने येणाऱ्या प्रवाशांना थंड पेय देत, त्यांच्याशी बोलत. ओला १९९६ मध्ये गेली. १९९९ मध्ये रसेल वारला तेव्हा त्याची अंत्ययात्रा त्या पंपाच्या छताखालून नेण्यात आली. पुढे एका शेजाऱ्याने आणि गावकऱ्यांनी ती वास्तू पूर्ववत केली, आणि २००४ मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

आता पहिला प्रश्न, रस्ता कोणाचा? रस्ता सरकारचा, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. आपल्या देशात रस्त्यांची दुर्दशा पाहून १९२७ मध्ये जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. जयकर समितीने सुचविले, आणि १९२९ मध्ये तसा निर्णय झाला, की पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा व त्यातून रस्त्यांसाठी निधी उभारावा. अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने हीच युक्ती १९१९ मध्ये योजिली होती. याचा अर्थ असा की, ज्या दिवशी हा निधी स्थापन झाला त्या दिवसापासून प्रत्येक पंप हा रस्त्याच्या महसुलाचा नाका झाला, आणि पंपावर उभा असलेला माणूस, त्याला कोणी सनद दिली नसली तरी, सरकारचा वसुली कारकून झाला. १९४३ च्या डिसेंबरात सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते आपल्या नागपुरात जमले आणि त्यांनी राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामरस्ते अशी जी प्रतवारी ठरविली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. त्या योजनेला नागपूर योजना असेच नाव आहे. बपेऱ्यावरून जाणाऱ्या रस्त्याची जी प्रत आपण फलकावर वाचता, तिची जन्मभूमी येथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. हे आपल्या मुलांना शाळेत सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रश्न तेलाचा. तेल कधीच पंपवाल्याचे नव्हते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तर ते कोठूनही येवो, त्याची किंमत ठरविली जाई ती मेक्सिकोच्या आखातातील भाव अधिक तेथपासूनचे जहाजभाडे, या हिशेबाने. म्हणजे इराणच्या तेलावरही भारतातला गिऱ्हाईक अमेरिकेपासूनचे भाडे भरी. स्वतंत्र भारताच्या सरकारने या भावांची छाननी करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे प्रमुख के. आर. दामले हे होते. त्यांचा अहवाल १९६१ चा. १९५९ मध्ये इंडियन ऑइल ही सरकारी कंपनी निघाली. मग १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध भडकले, तेलाचे भाव चौपट झाले, आणि दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडीत बसून संसदेत गेले. त्यानंतर तीन-चार वर्षांत विदेशी कंपन्यांचे युग आपल्याकडे संपले. १९७४ मध्ये एस्सो गेली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम आली, १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने घेतली व पुढल्या वर्षी तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले, कॅलटेक्सही अखेर हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. जो माणूस परवापर्यंत शिंपल्याच्या चिन्हाखाली उभा होता, तो नव्या पाटीखाली उभा राहिला. पाटी बदलली, गणवेश बदलला, गॅलन जाऊन लिटर आले, आणे जाऊन नवे पैसे आले. सकाळी कुलूप काढणारा हात तोच होता.

त्या हाताची सकाळ कशी उजाडते? विक्री सुरू होण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून पितळी वा अल्युमिनियमची खुणांची पट्टी तळापर्यंत सोडतात. तिला पंपावर ‘डिप’ म्हणतात. पट्टी वर काढली की ओलसर खूण कोठवर आली ते पाहायचे, तक्त्यावरून लिटर काढायचे, आणि वहीत मांडायचे. पट्टीच्या टोकाला एक प्रकारचे मलम लावतात. तळाशी पाणी शिरले असेल तर त्याचा रंग पालटतो, आणि पावसाळ्यात तो पालटतो की काय या चिंतेने पंपवाल्याची झोप उडालेली असते. टँकर आला की काचेच्या उभ्या भांड्यात नमुना घेऊन घनता मोजायची, तापमान पाहायचे, आणि चलनावरच्या आकड्याशी ताडून मगच टाकीत उतरवून घ्यायचे. पाच लिटरचे मोहोर उठविलेले माप पंपावर असलेच पाहिजे, आणि कोणत्याही गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात मोजून दाखविलेच पाहिजे. हा आपला हक्क आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो कधी बजावला आहे?

यापुढचा भाग मी जड अंतःकरणाने बोलतो. रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, या भावांच्या तफावतीने भेसळीची एक काळी बाजारपेठ आपल्याकडे उभी केली. २००५ मध्ये इंडियन ऑइलचा मंजुनाथ षण्मुगम हा तरुण अधिकारी उत्तर प्रदेशात भेसळीचा एक पंप बंद करण्याच्या कामात मारला गेला. आणि २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, आपल्याच महाराष्ट्रात, मनमाडजवळ, अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. एका लिटरात काय आहे हे खरे सांगण्यासाठी माणसाला प्राण द्यावा लागतो, इतकी ही गोष्ट मोठी आहे. मग सांगा, ज्या घराण्याने तीस-चाळीस वर्षे, कोणी पाहत नसताना, रात्रीच्या वेळी, अनोळखी ट्रकवाल्याला, जो पुन्हा कधी या वाटेने येईल की नाही याची शाश्वती नाही, पुरे आणि निर्भेळ माप दिले, त्या घराण्याने देशाची सेवा केली असे आपण का म्हणू नये? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. रस्ता सरकारचा, तेल कंपनीचे, टाकी आणि यंत्रही बहुधा कंपनीचेच. परवाना पेट्रोलियम कायद्याखाली त्या विस्फोटक खात्याचा, ज्याचे मुख्य कार्यालय आज नागपुरात आहे. जागेला ना हरकत जिल्हाधिकाऱ्यांची. कमिशनचा दर वरून ठरलेला. डीलर निवर्तला तर मुलाला वाडवडिलार्जित शेतासारखा पंप आपोआप मिळत नाही, कंपनीकडे नव्याने अर्ज करावा लागतो. या साऱ्या कागदांत त्या कुटुंबाची म्हणून जी एकच वस्तू आहे ती म्हणजे त्याची पत. ती कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेली नसते, आणि म्हणूनच ती नोंदविण्याचे काम इतिहासाकडे येते.

आपल्या सीमेवर या पतीची परीक्षा अधिक कठीण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि जी नदी ओलांडून लग्नाच्या वऱ्हाडाने पलीकडे जायचे ती राज्याची हद्द झाली. भाषा हद्दीवर थांबली नाही, सोयरीक थांबली नाही. परंतु कर थांबला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विक्रीकराचे नाके उठले, तथापि पेट्रोल आणि डिझेल त्या करातून वगळले गेले, आणि प्रत्येक राज्य आपापल्या दराने त्यांवर कर घेत राहिले. म्हणून इतर सर्व मालाला ही सीमा आज जवळजवळ अदृश्य झाली असता पंपावरच्या भावफलकावर ती रोज सकाळी नव्याने उमटते. अलीकडचा पंप आणि पलीकडचा पंप यांच्यात नदीचे एक पात्र आहे, आणि ट्रकवाला गाडी कोठे उभी करील हे दोन राजधान्यांतील निर्णयावर ठरते. एकीकडे कर घटला की दुसरीकडच्या पंपावर शुकशुकाट. त्यात त्या पंपवाल्याचा काय दोष? माउंट ऑलिव्हच्या सोल्स्बींचा रस्ता मैलभर सरकला, तर आपल्याकडे रस्ता जागच्या जागी असून भाव सरकतो. दोन्ही ठिकाणी मधोमध उभ्या असलेल्या कुटुंबाला न विचारता.

आज देशातील पंपांची संख्या लाखाच्या घरात गेली आहे. विजेच्या गाड्या येत आहेत. येत्या काही वर्षांत जुने पंप पाडले जातील, काहींच्या जागी विद्युतभरणाचे खांब उभे राहतील, काही रस्ते पुन्हा मैलभर सरकतील. तो बदल थांबवावा असे मी म्हणत नाही. सोल्स्बींचा पंप वाचला तोही रस्ता परत आल्यामुळे वाचला नाही. गावातल्या माणसांना त्याची किंमत वेळेत कळली म्हणून वाचला. आपल्याकडे वाडे, बारव आणि किल्ले यांच्या याद्या आहेत, त्या असल्याच पाहिजेत. परंतु मोटारयुगातील वास्तूंची, पंपांची, सर्व्हिस स्टेशनांची, जुन्या नाक्यांची यादी करावी असे बहुधा कोणत्याही तालुक्याच्या मनात अद्याप आलेले नाही. ती तुमसर तालुक्याने प्रथम करावी. त्यासाठी फार खर्च नाही. आपल्या घरी, नातेवाइकांकडे, तुमसरात, भंडाऱ्यात, किंवा नदीपलीकडे बालाघाटात ज्या कुणाकडे जुन्या परवान्याची प्रत असेल, डिपची वही असेल, युद्धकाळातले कुपन, बर्मा-शेलची किंवा एस्सोची मीनाकारी पाटी, टँकरचे पिवळे पडलेले चलन असेल, आणि ज्या वृद्धांनी हाताने दांडा ओढून पेट्रोल भरले असेल, त्यांची नावे येथल्या शिक्षकांकडे द्यावीत. वरच्या वर्गांतील मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जावे, पंप कोणत्या साली बसला, पहिला टँकर कोठून आला, उधारी कोणाला दिली आणि ती कोणी फेडली, घरातील बायका पंपावर कोणते काम करीत, हे विचारून वहीत उतरून घ्यावे, आणि कागदांची छायाचित्रे काढून मूळ कागद ज्याचे त्याला परत करावेत. पुढल्या वर्षीच्या व्याख्यानमालेत एक दिवस त्या वह्यांच्या वाचनासाठी राखून ठेवावा, अशी विनंती मी चालकांना आताच करून ठेवतो.